पारंपरिक नसलेलं गाणं

वसुधा केतकर मिशिगनमधल्या ट्रॉय गावच्या लायब्ररीत आठवड्यातून तीन दिवस कार्डं टाइप करायची. सहा वर्षं तिनं पुस्तकांची कार्डं केली, आणि या कामात तिची चूक काढणारा माणूस अजून जन्माला यायचा होता. निदान तिचं स्वतःचं तसं ठाम मत होतं. त्यामुळे १९८७ च्या मार्चमध्ये लायब्ररीनं कॅसेटी द्यायला सुरुवात केली आणि पहिल्याच आठवड्यात तिची बॉस मिसेस कोवाल्स्की एक कार्ड परत घेऊन आली, तेव्हा वसुधाला चांगलाच राग आला.

"दोन जागा रिकाम्या सोडल्यास तू," मिसेस कोवाल्स्की म्हणाली. "शब्द कोणाचे, संगीत कोणाचं, काहीच नाही."

"पाकिटावर नावंच नाहीत. फक्त गाणारीचं आहे."

"अगं, तेच नाव तिन्हीकडे टाइप कर. तिनंच लिहिलं, तिनंच चाल लावली, तिनंच गायलं. सिंगर-साँगरायटर."

वसुधानं पुन्हा पाकीट पाहिलं. नुअला टिअर्नी नावाची कोणी आयरिश बाई. अल्बमचं नाव 'बॅक स्टेप्स', म्हणजे मागच्या दारच्या पायऱ्या. चित्रातही तेच, पायऱ्यांवर बसून बटाटे सोलणारी पस्तिशीची बाई. वसुधा सांगलीत रेडिओ ऐकत वाढलेली. गीत अमक्याचं, संगीत तमक्याचं आणि गायिका अमुक, अशी तीन नावं एका दमात ऐकल्याशिवाय गाणं सुरू होतं हे तिला माहीतच नव्हतं. एकानं लिहावं, दुसऱ्यानं चाल लावावी, तिसऱ्यानं गावं, ही जगाची रीत. एकाच बाईनं तिन्ही करायचं म्हणजे स्वतःच्या लग्नात स्वतःच मंगलाष्टकं म्हणण्यासारखं झालं! तिनं नाक मुरडत तिन्ही जागी तेच नाव टाइप केलं आणि बाईचा आगाऊपणा बघावा तरी म्हणून कॅसेट घरी न्यायला घेतली.

घर पंधरा मिनिटांवर. गाडीत पहिलं गाणं संपलं तरी तिला फारसं काही कळलं नव्हतं, उच्चार डोक्यावरून जात होते. दुसऱ्या गाण्यात मात्र शब्द सुटे सुटे होते. एक मुलगी बॉस्टनमधल्या फोन बूथमधून आयर्लंडला आईला फोन करते. नोकरी झकास आहे म्हणते, खोली उबदार आहे म्हणते, आणि बूथच्या काचेवरचं दव हाताच्या बाहीनं पुसत राहते. एवढंच. वसुधानं वाटेतल्या किराणा दुकानाच्या पार्किंगमध्ये गाडी घातली, इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवून ओक्साबोक्शी रडली. रडता रडता तिला एकच प्रश्न पडला होता. ही बाई कोण कुठली, आणि हिला माझं कसं कळलं?

कारण तेरा महिन्यांपूर्वी सांगलीहून भावाचा फोन आला होता की आई गेली. तिकीट मिळून पोहोचेपर्यंत सगळं उरकलं असतं, म्हणून वसुधा गेलीच नाही. आणि फोननंतर नवव्या दिवशी पोस्टमननं आईचं पत्र आणून टाकलं. निळं, घडीचं, आईच्या तिरप्या अक्षरातलं. मी बरी आहे, काळजी करू नकोस. तिकडे थंडी फार म्हणतेस, तर अनवाणी फिरू नकोस. लोणचं मुरलंय, बरणीला फडकं बांधून ठेवलंय, येशील तेव्हा नेशील. त्या दिवशी वसुधा रडली नव्हती. पत्र कपाटात साड्यांखाली ठेवून तिनं कुकर लावला होता. घरात सगळ्यांना वाटलं, वसुधा खंबीर आहे.

तर 'बॅक स्टेप्स' लायब्ररीत परत जायची ती चार वेळा मुदत वाढवून परत घरीच आली. मिसेस कोवाल्स्कीनं एकदा भुवया उंचावल्या, मग तिनंही सोडून दिलं. सगळी दहाच गाणी. विकलेल्या घरातल्या खुंटीवर राहून गेलेला बापाचा कोट, बहिणीशी झालेलं भांडण, बर्फात बंद पडलेली बस. कुठंही चंद्र नव्हता, कुठंही कमळ नव्हतं. नुअलाबाई जे घडलं ते सांगत होत्या, आणि गिटार मागे आपलं काम करत होती. जून उजाडेपर्यंत वसुधाला ती गाणी पाठ झाली होती, आणि एके दिवशी दुपारी ती कपाटातून पत्र काढून पेटीपुढे बसली.

पेटी तिला येत होती, लग्नाआधी चार परीक्षा दिल्या होत्या. लिहायला मात्र ती कधी बसली नव्हती. पहिला महिना नुसता खोडण्यात गेला. 'विरह', 'हृदय' असले शब्द आपोआप यायचे, आणि आईनं आयुष्यात हृदय हा शब्द डॉक्टरांपुढेसुद्धा काढला नव्हता. शेवटी वसुधानं स्वतःला दम भरला, की पत्रात नाही ते गाण्यात नाही. मग ओळी हळूहळू यायला लागल्या.

*बरी आहे मी गं बाई, तू काळजी करू नको,*
*थंडी पडे दूरदेशी, अनवाणी फिरू नको.*
*लोणचं मुरलं बरणीत, फडक्यानं तोंड बांधलं,*
*तुझ्या वाटचं ताटात मी रोजच्या रोज वाढलं.*

शेवटची ओळ तेवढी तिची. पत्रात ती नव्हती, पण आई वाढत असणार याबद्दल तिला शंका नव्हती. ऑगस्टअखेर पाच कडवी झाली. चाल साधी, दळताना म्हणावी तशी. तिनं ती पहिल्यांदा नवऱ्याला, हेमचंद्रला, ऐकवली. तो मोटारींच्या ब्रेकचा इंजिनिअर, गाण्यातलं त्याला ओ की ठो कळत नसे. तो ऐकत राहिला आणि मग बराच वेळ चष्मा पुसत बसला. "मंडळाच्या दिवाळीला म्हण," एवढंच बोलला.

मंडळ म्हणजे ट्रॉय आणि आजूबाजूच्या गावांतल्या मराठी लोकांचं मंडळ, आणि दिवाळी म्हणजे एका हायस्कूलच्या सभागृहात नोव्हेंबरातल्या शनिवारी दुपारी होणारा कार्यक्रम. त्याचा फॉर्म असे, आणि फॉर्मवर अर्थातच तीन रकाने असत: गीत, संगीत, गायक. वसुधानं तिसऱ्यात आपलं नाव लिहिलं. पहिल्या दोन रकान्यांवर पेन आणलं आणि तिला एकाएकी इतकी लाज वाटली की कान गरम झाले. गीत मी, संगीत मी, गायिका मी! लोक काय म्हणतील? तिनं ते रकाने रिकामे सोडले आणि फॉर्म पोस्टात टाकला. इतरांच्या कार्डांत चुका काढणारी बाई स्वतःच्या फॉर्मवर अशी घसरली.

पहिली तालीम मंडळाचे सेक्रेटरी पुरुषोत्तम बर्वे यांच्या बेसमेंटमध्ये होती. पुरुषोत्तमराव पंचावन्नचे, कऱ्हाडचे, शिस्तीचे कडक. वसुधाचं गाणं संपलं तेव्हा बेसमेंटमध्ये कोणी हललं नाही. मग एका काकूंनी डोळ्यांना पदर लावला आणि पुरुषोत्तमराव जड आवाजात म्हणाले, "वहिनी, किती वर्षांनी ऐकलं हो! माझी आजी जात्यावर म्हणायची हे."

वसुधाला वाटलं ते गंमत करताहेत. पण ते गंमत करणाऱ्यांतले नव्हते. तेवढ्यात दुसरं कोणी म्हणालं, कऱ्हाडचं कसलं, हे तर खानदेशातलं, आमच्याकडे अजून म्हणतात. यावर दोघांची चांगलीच जुंपली. निवेदन करणाऱ्या मृणालिनीताई मध्ये पडल्या आणि म्हणाल्या, "असं करू या, नुसतं 'पारंपरिक' लिहू या. मी त्यावर छान चार वाक्यं बोलते, अज्ञात स्त्रीचा अनाम हुंदका वगैरे." सगळ्यांनी माना डोलावल्या. वसुधानं तोंड उघडलं आणि मिटलं. चहा आला, विषय संपला.

घरी आल्यावर तिचा तोल गेला. "अज्ञात स्त्री म्हणे! माझी आई अज्ञात?"

"अगं, पारंपरिक म्हणजे उलट मान आहे," हेमचंद्र समजावू लागला. "इतकं चांगलं झालंय की लोकांना ते जुनं वाटतंय. तुला गायला मिळतंय ना?"

"तुमच्या ब्रेकच्या डिझाइनवर बॉसनं त्याचं नाव घातलं, तेव्हा गाडी तर तशीही थांबत होती ना? मग तीन महिने का धुमसत होता तुम्ही?"

पंधरा वर्षांची सीमा जिन्यात बसून ऐकत होती. ती म्हणाली, "आई, इट्स युवर साँग. जस्ट टेल देम."

जस्ट टेल देम! सीमाला मंडळाचा नियम ठाऊक नव्हता. दोन वर्षांपूर्वी कोजागिरीला गुरुदत्त फडके नावाच्या हृदयरोगतज्ज्ञांनी स्वतःच्या कविता वाचायला घेतल्या. पाऊण तास झाला, मसाल्याच्या दुधावर साय धरली, मुलं खुर्च्यांखाली झोपली आणि डॉक्टर अजून चौथ्या सर्गात होते. दुसऱ्या दिवशी पुरुषोत्तमरावांनी कमिटीकडून ठराव करून घेतला, की यापुढे मंडळाच्या मंचावर स्वरचित काहीही होणार नाही. वसुधानंही त्या ठरावाला हात वर केला होता. म्हणजे गाणं माझं आहे म्हटलं की ते कार्यक्रमातून गेलं, आणि गप्प बसलं की ते कोणाच्या तरी आजीचं झालं.

दोन आठवडे ती गप्प बसली. त्यातला एकही दिवस तिला सुखाचा गेला नाही. नोव्हेंबरच्या पहिल्या सोमवारी 'बॅक स्टेप्स'चं पाकीट फाटलं म्हणून दुरुस्तीला तिच्याच टेबलावर आलं. तिनं आतला घडीचा कागद पूर्ण उलगडला आणि सर्वांत खाली, मुंगीएवढ्या अक्षरातला मजकूर तिला पहिल्यांदा दिसला. कार्डाला लागत नाही म्हणून तो तिनं कधी वाचलाच नव्हता. नुअलानं लिहिलं होतं, की पाचवं गाणं माझ्या आधीच्या रेकॉर्डवर 'पारंपरिक' म्हणून छापलं गेलं. मी तेव्हा वीस वर्षांची होते, बोलायला लाजले. आता ते दारूच्या प्रत्येक गुत्त्यात म्हणतात आणि मी सांगितलं तरी कोणी मानत नाही. ते गाणं मी माझा भाऊ डेक्लन याच्यावर केलं होतं. तो बुडाला तेव्हा एकोणीस वर्षांचा होता.

वसुधानं कागदाला नीट चिकटपट्टी लावली. त्या संध्याकाळी तिनं पुरुषोत्तमरावांना फोन लावला.

"भाऊजी, ते गाणं पारंपरिक नाही. माझं आहे."

ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "वहिनी, तुम्हीही कुठंतरी लहानपणी ऐकलं असेल. मी खोटं बोलत नाही हो. मला आजी दिसते ते ऐकताना."

"तुम्ही खोटं बोलत नाही. पण गाणं माझंच आहे."

"मग नियम तुम्हाला माहीत आहे," त्यांचा सूर बदलला. "आणि पुस्तिका झेरॉक्स होऊन आल्यात, एकशे ऐंशी. आता काही चेंज होणार नाही. शनिवारी वेळेवर या." फोन ठेवला गेला.

शुक्रवारी वसुधानं रजा टाकली. जेवणाच्या टेबलावर कोरे कागद, फूटपट्टी, कात्री आणि गोंदाच्या तीन कांड्या मांडल्या. कार्डावर चुकीचं छापलं गेलं तर लायब्ररीत कार्ड फेकत नाहीत, मापात पट्टी कापून वर डकवतात. हे काम तिनं सहा वर्षं केलं होतं. मराठी टाइपरायटर मिशिगनमध्ये कुठून असणार, म्हणून एकशे ऐंशी पट्ट्या तिनं हातानं लिहिल्या. गीताच्या रकान्याशी ती बराच वेळ थांबली. पत्रातल्या ओळी कोणाच्या, याचा तिनं शांतपणे विचार केला आणि मग सलग लिहीत गेली. शंभराव्या पट्टीला बोटं आखडली. हेमचंद्र ऑफिसमधून आला, टेबलाकडे बघून त्यानं कोट काढला आणि कात्री हातात घेतली. इंजिनिअरच्या पट्ट्या वसुधाच्या पट्ट्यांपेक्षा सरळ कापल्या गेल्या, आणि तिनं ते कबूलही केलं.

शनिवारी कार्यक्रम दोनचा. वसुधा साडेअकराला हायस्कूलच्या लॉबीत हजर झाली. चिवड्याच्या पिशव्या भरायची तिची पाळी असल्यामुळे कोणी हटकलं नाही. पुस्तिकांचं खोकं दाराशीच होतं. तिनं नऊवारीचा काष्टा सावरून जमिनीवर बैठक मारली आणि पट्ट्या डकवायला लागली. 'पारंपरिक' या शब्दावर गोंद, गोंदावर पट्टी, वरून अंगठा. एकशे चाळीस झाल्या तेव्हा समोर पॉलिश केलेले बूट दिसले.

"वहिनी, हे काय चाललंय?"

"कार्डाची दुरुस्ती," वसुधा म्हणाली आणि एकशे एकेचाळिसावी उचलली.

"मंडळाच्या पुस्तिकेत परवानगीशिवाय? कोणी सांगितलं तुम्हाला?"

"कोणी नाही. भाऊजी, नियमात बसत नसेल तर मला गाऊ देऊ नका. मी खाली बसून बाकीच्यांचं ऐकीन, रागावणार नाही. ठरावाला मीही हात वर केला होता. पण दुसऱ्या नावानं हे मी गाणार नाही, आणि दुसऱ्या नावानं हे छापलेलंही राहू देणार नाही." आवाज कापेल अशी तिला भीती होती. तो कापला नाही. तिनं पर्समधून निळं पत्र काढलं आणि बसल्या जागेवरून त्यांच्यापुढे धरलं. "वाचा."

दुसऱ्याचं पत्र वाचायचं म्हणून पुरुषोत्तमराव आधी अवघडले. मग त्यांनी चष्मा चढवला. पहिली ओळ, दुसरी ओळ. बरणीपाशी आले तेव्हा त्यांचे ओठ हलत होते. शेवटी त्यांनी तारखेचा शिक्का पाहिला.

"आई कधी गेल्या?" त्यांनी विचारलं.

"पत्र यायच्या नऊ दिवस आधी."

ते तिथल्याच बाकावर बसले. "माझी आजी," ते थांबत थांबत म्हणाले, "खरं सांगायचं तर गाणी म्हणत नसे. तिला दमा होता. पण इतकं ओळखीचं वाटलं की मी म्हटलं, ऐकलेलंच असणार. दुसरं काही सुचलंच नाही मला."

वसुधाचा इतक्या दिवसांचा राग त्या वाक्याला टिकला नाही. पार्किंगमध्ये स्टिअरिंगवर डोकं ठेवताना तिलाही परक्या बाईचं गाणं असंच आपलं वाटलं होतं. तिनं खोक्याची एक बाजू त्यांच्याकडे वळवली.

पुरुषोत्तमरावांनी दुरुस्त केलेली एक पुस्तिका उचलली, अंगठ्यानं पट्टी दाबून पाहिली. घट्ट होती. त्यांचा चेहरा पुन्हा सेक्रेटरीचा झाला. "पुस्तिकेत जे आहे ते कार्यक्रमात होणार, हा मंडळाचा पहिला नियम आहे. ठराव नंतरचा," ते म्हणाले. "आणि पुस्तिकेत हे आहे. फडके डॉक्टरांनी विचारलं तर मी बघून घेईन." मग गुडघे दुखत असूनही ते खाली बसले. उरलेल्या चाळीसांपैकी वीस पट्ट्या त्यांनी डकवल्या, त्यातल्या तीन तिरक्या. वसुधानं त्या तीनही काढून पुन्हा लावल्या.

मृणालिनीताईंना काही सांगायचं सगळेच विसरले. पाचव्या कार्यक्रमाला त्या माइकपुढे आल्या, हातात अनाम हुंदक्याची चार वाक्यं तयार. त्यांनी रिवाजाप्रमाणे आधी पुस्तिका उघडली आणि त्या अडखळल्या. वसुधा विंगेत पेटीजवळ उभी होती. मृणालिनीताईंनी पाठ केलेला कागद मिटला आणि पट्टीवर होतं ते, निवेदकाला शोभेल अशा स्वच्छ आवाजात, वाचलं.

"गायिका, वसुधा केतकर. संगीत, वसुधा केतकर." सभागृहात थोडी कुजबुज झाली. मृणालिनीताई थांबल्या, शेवटची ओळ त्यांनी एकदा मनात वाचून घेतली. "गीत, मालिनी गोविंद लिमये, सांगली. आणि त्यांची मुलगी."

मालिनी गोविंद लिमये कधी सांगली-मिरजेच्या पलीकडे गेल्या नव्हत्या. रेशनकार्ड सोडलं तर त्यांचं नाव कुठं छापलं गेलं नव्हतं, आणि मोठ्यानं तर कोणीच घेतलं नव्हतं. नवरा 'अगं' म्हणायचा, मुलं आई म्हणायची. ते नाव सभागृहातल्या दोन्ही स्पीकरमधून दोनशे माणसांवरून मागच्या भिंतीपर्यंत गेलं. वसुधानं ते पूर्ण जाऊ दिलं. मग ती मंचावर आली, पेटीपुढे बसली, भाता उघडला आणि पहिला सूर धरला.